हिटलर-मुसोलिनीचे अमेरिकन चाहते जुन्या कागदांत कसे शोधावेत

दिवाळी आटोपली की आमच्या वाचनालयात देशी आईबाप आपापली शाळकरी मुलं घेऊन यायला लागतात. इथं ‘नॅशनल हिस्टरी डे’ नावाची स्पर्धा असते. सहावी ते बारावीची मुलं तिच्यासाठी मूळ कागदपत्रांवरून प्रकल्प करतात. मी न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसते. तिथं मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे ‘काकू, मराठीत सांगा ना, म्हणजे बाबांनाही कळेल’ अशी फर्माईश ठरलेली. अलीकडे एक विषय फार येतो: महायुद्धाआधी अमेरिकेत फॅसिझमचे पाठीराखे होते म्हणतात, ते कोण, आणि युद्धानंतर ते गेले कुठं? तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते. पुण्या-नाशकात बसूनही यातलं बरंचसं फुकटात करता येईल.

विषय लहान करा, माणूस धरा

‘अमेरिकेतला फॅसिझम’ हा शाळकरी प्रकल्पाचा विषय नव्हे, त्याला जन्म पुरायचा नाही. एखादं गाव घ्या, एखादी तारीख घ्या, नाहीतर एखादा माणूस घ्या. मला विचाराल तर माणूसच घ्या. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि यातल्या बहुतेक संघटनांनी लगोलग गाशा गुंडाळला. संघटनेवर प्रकल्प केलात तर तो तिथं संपतो. माणसावर केलात तर तो तिथं अर्ध्यावर येतो, आणि पुढचा अर्धा जास्त बोलका असतो.

मोटारवाला हेन्री फोर्ड आणि प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग मात्र घेऊ नका. फोर्डनं १९२० पासून स्वतःच्या वर्तमानपत्रातून ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली, १९२७ मध्ये माफी मागितली, आणि १९३८ मध्ये पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला हिटलरच्या सरकारचं पदक घेतलं, हे परीक्षकांना तोंडपाठ असतं. त्यापेक्षा हे बघा. चार्ल्स कॉफलिन, मिशिगनमधल्या रॉयल ओकचा कॅथलिक पाद्री, ज्याची रेडिओवरची प्रवचनं लाखो घरांत ऐकली जायची. विल्यम डडली पेली, ज्यानं हिटलर चॅन्सेलर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारी १९३३ ला, नॉर्थ कॅरोलायनात ‘सिल्व्हर शर्ट्स’ ही नाझी वळणाची संघटना काढली. जेराल्ड स्मिथ, ज्याच्याबद्दल पुढं सांगते. आणि लॉरेन्स डेनिस, ज्यानं १९३६ मध्ये अमेरिकेत फॅसिझम येणारच असं सांगणारं पुस्तक लिहिलं. हा अटलांटातला मिश्रवंशी मुलगा, लहानपणी प्रवचनं देत गावोगाव फिरलेला. पुढं हार्वर्डला गेला आणि आयुष्यभर गोरा म्हणून वावरला. हुशार मुलगी असेल तर मी तिला डेनिसच सुचवते.

कागद कुठं मिळतात

पहिला थांबा ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’. हा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वर्तमानपत्रांचा साठा, पूर्ण फुकट. दुसरा ‘ब्रुकलिन डेली ईगल’चे अंक, ते ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयानं खुले केलेत. तिसरा ज्यूइश टेलिग्राफिक एजन्सीचा जुना संग्रह. या वृत्तसंस्थेनं नाझी सभांच्या अशा बारीकसारीक बातम्या टिपल्यात, ज्या मोठ्या पेपरांनी आतल्या पानावर चार ओळींत उरकल्या किंवा सोडूनच दिल्या. एफबीआयच्या संकेतस्थळावर ‘व्हॉल्ट’ नावाचा विभाग आहे. तिथल्या फायलींत निम्म्या ओळी काळ्या केलेल्या दिसतील, तरी कोण कधी कुणाच्या नजरेत होतं ते कळतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी पैसे भरू नका, आधी तुमच्या वाचनालयाच्या कार्डावर मिळतो का ते विचारा. बहुतेकदा मिळतो.

एक पत्रप्रकार मुलं हटकून विसरतात: काळ्यांची वर्तमानपत्रं. ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’. मुसोलिनीनं ऑक्टोबर १९३५ मध्ये इथिओपियावर चढाई केली तेव्हा गोऱ्यांचे पेपर अजून ‘बघू या’ म्हणत होते आणि इकडे या पेपरांची पानं पेटली होती. वंशाच्या नावावर माणसं मारणं काय असतं हे त्यांना बर्लिनहून कळायची गरज नव्हती.

आता शोधायचं काय? शोधखिडकीत नुसतं ‘फॅसिस्ट’ टाकलंत तर हाती येतात शिव्या: रूझवेल्टचे विरोधक त्याला फॅसिस्ट म्हणतायत, तो त्यांना. खरे पाठीराखे स्वतःला ‘देशभक्त’, ‘ख्रिश्चन’, ‘शंभर टक्के अमेरिकन’ म्हणवायचे. म्हणून सभागृहाचं नाव, शिबिराचं नाव, वक्त्याचं आडनाव टाकून शोधा. सहलींच्या सूचना बघा. रविवारी सकाळी मॅनहॅटनच्या पेन स्टेशनवरून लाँग आयलंडकडे ‘कॅम्प सीगफ्रीड स्पेशल’ नावाची आगगाडी सुटायची. यापहँक गावाजवळच्या त्या शिबिरात ‘जर्मन-अमेरिकन बुंड’ची, म्हणजे जर्मन वंशाच्या अमेरिकनांच्या नाझीधार्जिण्या संघटनेची, कुटुंबं डबे घेऊन, मुलंबाळं घेऊन जायची, आणि तिथल्या एका रस्त्याचं नाव अ‍ॅडॉल्फ हिटलर स्ट्रीट होतं. बुंडच्या स्वतःच्या पत्रात यॉर्कव्हिल या मॅनहॅटनच्या जर्मन वस्तीतल्या दुकानांच्या जाहिराती असायच्या. भाषणापेक्षा मला जाहिरात जास्त आवडते. भाषण एकटा करतो, जाहिरातीला दुकानदारानं खिशातून पैसे मोजलेले असतात. आणि हो, स्कॅन केलेला मजकूर संगणक चुकीचा वाचतो. ‘बुंड’चं ‘बाँड’ होतं. एका शब्दावर काही मिळालं नाही म्हणून सोडू नका. तारीख माहीत असेल तर ते पान डोळ्यांनी वाचा.

स्वस्तिकाबद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगायला हवं, कारण दारात रांगोळीत ते काढून इथं शेजाऱ्यांना समजावत बसणारे आपणच. १९३३ च्या आधीच्या अमेरिकन कागदावर स्वस्तिक दिसलं की लगेच ‘सापडला!’ म्हणू नका. शुभचिन्ह म्हणून ते भेटकार्डांवर छापलं जायचं. अमेरिकन सैन्याच्या ४५व्या पायदळ डिव्हिजनच्या खांद्यावर तर मूळ रहिवाशांच्या परंपरेतलं म्हणून पिवळं स्वस्तिक होतं, ते १९३९ मध्ये बदललं. आधी तारीख, मग संताप.

एका दिवसाचा कागद कसा वाचायचा

नमुन्यासाठी २० फेब्रुवारी १९३९ घेऊ. त्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बुंडची सभा झाली. वीस हजारांवर लोक. व्यासपीठामागं सुमारे तीस फूट उंच जॉर्ज वॉशिंग्टन, त्याच्या दोन्ही अंगांना अमेरिकेचे झेंडे आणि स्वस्तिकं. निमित्त वॉशिंग्टनच्या जयंतीचं. या सभेचं चित्रीकरण उपलब्ध आहे, ते मुलांना आधी आवाज बंद करून दाखवा. मग लक्षात येतं की सुरुवातीला काहीच परकं दिसत नाही: बँड, झेंडे, रांगेत चालणारी मुलं. परकं वाटायला लागतं ते हात वर गेल्यावर.

मग दुसऱ्या दिवसाचे निदान तीन पेपर समोर ठेवा आणि प्रत्येकात चार गोष्टी बघा: आत किती, बाहेर किती, पोलीस किती, आणि इसाडोर ग्रीनबॉमला किती ओळी. बुंडचा नेता फ्रिट्झ कुन बोलत असताना ब्रुकलिनचा हा सव्वीस वर्षांचा प्लंबरचा मदतनीस व्यासपीठावर धावला. गणवेशातल्या रक्षकांनी त्याला खाली पाडून तुडवलं, पँट फाटली, पोलिसांनी उचलून बाहेर नेलं. दंड त्यालाच झाला: २५ डॉलर. तुझ्यामुळे निरपराध माणसं मेली असती, असं न्यायाधीशानं सुनावलं तेव्हा त्यानं उलट विचारलं की तिथं जे बोललं जात होतं त्यानं किती ज्यू मरतील? आता बघा: कुठला पेपर त्याला गोंधळ घालणारा म्हणतो, कुठला त्याचं नाव देतो, कुठला नुसतं ‘एक तरुण’ म्हणून पुढं जातो. पत्रकार डोरोथी थॉम्प्सन भाषण चालू असताना मोठ्यानं हसल्या म्हणून त्यांना बाहेर काढलं गेलं; तेही कुठं मथळ्यात आहे, कुठं शेपटाला. प्रकल्पाचा गाभा तुम्हाला या फरकांत मिळेल, विकिपीडियाच्या परिच्छेदात नव्हे.

सभेला जायचंच असेल, म्हणजे जागा बघायला, तर एक ध्यानात ठेवा. आजचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन ते नव्हे. ते आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर ४९ आणि ५० व्या रस्त्यांच्या मध्ये होतं आणि १९६८ मध्ये पाडलं. पेन स्टेशनवरच्या इमारतीसमोर उभं राहून काढलेला फोटो जोडाल तर परीक्षक हसतील.

आकड्यांना भुलायचं नाही, दोन्ही बाजूंनी. गार्डन भरलं म्हणून देश नाझी नव्हता. बुंडच्या सभासदांचा सहसा दिला जाणारा आकडा २५,००० च्या आसपास आहे, आणि अमेरिका त्या वेळी तेरा कोटींची. पण म्हणून ‘मूठभर वेडे’ लिहून मोकळे होऊ नका. नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनामंदिरं फोडली गेली त्यानंतर, जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेनं लोकांना विचारलं. नव्वद टक्क्यांहून जास्त अमेरिकनांनी नाझींचं वागणं नापसंत केलं. त्याच सुमाराला ‘मग यातल्या जास्त ज्यूंना इथं येऊ द्यायचं का?’ यावर सत्तर टक्क्यांहून जास्त लोक ‘नको’ म्हणाले. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. मला विचाराल तर बुंडच्या सगळ्या परेडींपेक्षा हे शेजारपण जास्त अस्वस्थ करणारं आहे.

सगळ्यांना एकाच पोत्यात भरू नका

मुलांना ही चूक फार आवडते, कारण त्यानं निबंध जोरदार होतो. निदान तीन ढीग करा.

पहिला ढीग निष्ठावंतांचा: कुन, पेली, आणि कॉफलिनच्या भाषणांनी पेटलेले ‘ख्रिश्चन फ्रंट’चे तरुण. जानेवारी १९४० मध्ये एफबीआयनं न्यूयॉर्कमध्ये अशा १७ जणांना सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून पकडलं. ज्यूरीनं एकालाही दोषी धरलं नाही. त्या खटल्याच्या बातम्यांत शेजारीपाजारी काय म्हणतायत ते जरूर वाचा.

दुसरा ढीग कौतुक करणाऱ्यांचा. हा मुसोलिनीभोवती जास्त आहे. १९२३ मध्ये माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनचा प्रमुख फॅसिस्टांची तुलना कौतुकानं स्वतःच्या संघटनेशी करत होता. रोममधले माजी अमेरिकन राजदूत रिचर्ड चाइल्ड यांनी मुसोलिनीचं आत्मचरित्र सजवून दिलं आणि ते १९२८ मध्ये एका घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकात क्रमशः छापून आलं. १९३३ च्या जुलैत इटालो बाल्बो २४ समुद्री विमानांचा ताफा घेऊन शिकागोला उतरला, तर शहरानं रस्त्याला त्याचं नाव दिलं. मुसोलिनीनं पाठवलेला प्राचीन रोमन खांब तिथल्या तळ्याकाठी उभा आहे. हे वाचून ‘काय हे अमेरिकन!’ असं तोंडाशी आलंच, तर त्याच वर्षांतला ‘केसरी’ काढून बघा; मुसोलिनीच्या इटलीचं कौतुक तिथंही मिळेल. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, ते त्यांनीच रोजनिशीत लिहून ठेवलंय.

तिसरा ढीग युद्ध नको म्हणणाऱ्यांचा, आणि इथंच हात जपून टाकायचा. ‘अमेरिका फर्स्ट कमिटी’ १९४० मध्ये येलच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. सभासद आठ लाखांच्या घरात. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला जेराल्ड फोर्ड त्यात होता, जॉन केनेडीनं शंभर डॉलर पाठवले होते, समाजवादी नॉर्मन थॉमस त्यांच्या व्यासपीठावरून बोलला. यांना नाझी म्हणणं खोटं ठरेल. पण ११ सप्टेंबर १९४१ ला डे मॉइनमध्ये याच कमिटीच्या व्यासपीठावरून लिंडबर्गनं देशाला युद्धात ढकलणारे तीन गट मोजून दाखवले: ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्टचं सरकार. त्या भाषणाचा संपूर्ण मजकूर वाचा, आणि मग पुढच्या आठवड्यात कोण कमिटी सोडून गेलं आणि कोण टाळ्या वाजवत राहिलं ते शोधा. ढीग तिथं आपोआप वेगळे होतात.

आणखी एक वाट मला फार मजेची वाटते: टपाल. खासदारांना सरकारी कामाची पत्रं फुकट पाठवता यायची. जर्मनीचा पगारी प्रचारक जॉर्ज सिल्व्हेस्टर व्हीरेक यानं ती सवलत हेरली. सोयीचं भाषण खासदाराकडून सभागृहात करून घ्यायचं किंवा इतिवृत्तात घुसवायचं, त्याच्या प्रती काढायच्या, आणि त्या खासदाराच्या फुकट पाकिटांतून देशभर धाडायच्या. टपालखर्च अमेरिकन करदात्याचा, मजकूर बर्लिनच्या सोयीचा. न्यूयॉर्कचे खासदार हॅमिल्टन फिश यांच्या कचेरीतल्या एका कारकुनाला १९४२ मध्ये या प्रकरणी खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली. काँग्रेसचं इतिवृत्त सरकारी संकेतस्थळांवर खुलं आहे; भाषण तिथं, आणि त्याची पुस्तिका जुन्या कागदांच्या संग्रहात.

१९४५ नंतर

इथं मुलं थकतात, नेमकं इथंच थांबू नका. तुम्ही धरलेल्या माणसाचं नाव १९४६, १९५०, १९६० च्या पेपरांत टाका.

कुन पैशाच्या अफरातफरीत सापडला. संघटनेच्या पैशातून मैत्रिणीचं फर्निचर हलवल्याचं कोर्टात निघालं. १९३९ च्या अखेरीस तुरुंगात गेला, १९४३ मध्ये नागरिकत्व गेलं, १९४५ मध्ये जर्मनीला रवानगी, १९५१ मध्ये म्युनिकमध्ये मेला. कुणी त्याची आठवण काढली नाही. पेलीला १९४२ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली, १९५० मध्ये सुटला. १९४४ मध्ये वॉशिंग्टनला राजद्रोहाचा मोठा खटला उभा राहिला, ३० आरोपी, त्यात डेनिस आणि व्हीरेकही. आरडाओरड्यात सात महिने गेले, न्यायाधीश वारले, आणि पुढं खटलाच बारगळला. निकाल लागला नाही म्हणून हिशेबही झाला नाही, असं माझं मत.

कॉफलिनला १९४२ मध्ये त्याच्या आर्चबिशपनं गप्प बसवलं, आणि तो १९६६ पर्यंत त्याच चर्चचा पाद्री राहिला. लग्नं लावली, बाप्तिस्मे केले. रॉयल ओकच्या स्थानिक पेपरांत हा दुसरा कॉफलिन भेटतो.

सगळ्यात खाशी गत जेराल्ड स्मिथची. युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, त्यानं स्वतःचं मासिक काढलं आणि ज्यूद्वेष त्यात पुढं कित्येक वर्षं चालू ठेवला. मग तो अर्कान्सामधल्या युरेका स्प्रिंग्ज या गावी गेला, १९६६ मध्ये डोंगरावर ६७ फुटी येशूचा पुतळा उभारला आणि दोन वर्षांनी खाली येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक सुरू केलं. गावाला पर्यटक मिळाले. पुतळ्याजवळच त्याची कबर आहे. त्या काळच्या प्रवासपुरवण्या काढा आणि त्यात स्मिथचा पूर्वेतिहास किती ओळींत येतो ते मोजा.

नव्यांत जॉर्ज लिंकन रॉकवेल: महायुद्धात अमेरिकन नौदलाचा वैमानिक, आणि १९५९ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला अमेरिकन नाझी पक्षाचा संस्थापक. २५ ऑगस्ट १९६७ ला पक्षातून काढलेल्या माणसानंच त्याला कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर गोळी घातली.

युरोपातून आलेल्यांची फाइल मात्र वेगळी ठेवा. रुमानियाच्या आयर्न गार्ड या फॅसिस्ट संघटनेचा विद्यार्थी नेता व्हालेरियन ट्रिफा इथं बिशप झाला आणि १९५५ मध्ये त्यानं अमेरिकन सिनेटमध्ये प्रार्थना म्हटली; देश सोडावा लागला १९८४ मध्ये. आपण डाळ-तांदूळ, मिठाई आणायला न्यूयॉर्कमधल्या ज्या जॅक्सन हाइट्सला जातो, तिथंच ट्रावनिकीच्या नाझी छावणीतला रक्षक याकिव पालिय वर्षानुवर्षं राहत होता. नागरिकत्व २००३ मध्ये काढून घेतलं, पण त्याला घ्यायला कुठला देश तयार होईना, म्हणून रवानगी व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडलं. अशा प्रकरणांची निवेदनं न्याय खात्याच्या संकेतस्थळावर आहेत.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

न्यू जर्सीवाल्यांना सगळ्यात जवळ अँडोव्हर. तिथल्या कॅम्प नॉर्डलंडमध्ये १८ ऑगस्ट १९४० ला बुंड आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेनं मिळून सभा घेतली, क्रॉस जाळला, आणि आपली तत्त्वं एकच असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी ते शिबिर बंद पडलं. आता तिथं हिलसाइड पार्क नावाची सार्वजनिक बाग आहे, मुलं खेळतात. सकाळी जा, सोबत १९४० च्या बातमीची छापील प्रत न्या आणि फोटोतली जागा कुठली असेल ते ताडून बघा.

यापहँकला मात्र लोक राहतात. तिथल्या जुन्या वसाहतीत घर घ्यायचं तर जर्मन वंशाचं असावं लागे; तो नियम खटला भरल्यावर, २०१६ च्या तडजोडीत गेला. रस्त्यांची नावं केव्हाच बदललीत. कुणाच्या दाराचे, पाटीचे फोटो काढू नका. १९३८ मध्ये तिथं सहलीला गेलेल्या आठ वर्षांच्या पोराचं नाव कात्रणात सापडलं तर ते प्रकल्पात घालू नका. ‘एक मुलगा’ पुरतं. भाषण करणाऱ्याचं, छापणाऱ्याचं, पैसे गोळा करणाऱ्याचं नाव बिनधास्त घाला.

कात्रण उतरवून घेताना पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक त्याच क्षणी फाइलच्या नावात लिहा. ‘नाझी१’, ‘नाझी२’ अशा नावांच्या फायली घेऊन कोणी फेब्रुवारीत माझ्याकडे आलं, तर त्यांना मी आधी घरी पाठवते आणि मग बोलते.